सत्तेचाळीस नंबरचं मूळ

डॉ. प्रबोध चिरमुले यांनी सिंगापुरात येऊन अडीच वर्षांत सेहेचाळीस चिनी औषधी वनस्पती भिजवल्या, गाळल्या, आटवल्या आणि त्यांतून एकंदर शून्य नवीन संयुगं शोधून काढली. शून्याचा शोध भारतीयांनी लावला असं आपण छाती फुगवून सांगतो. प्रबोधने तोच शोध वन-नॉर्थ या संशोधन वसाहतीतल्या एका इमारतीत, तेराव्या मजल्यावर, सेहेचाळीस वेळा पुन्हा लावून दाखवला, एवढंच.

काम तसं सरळ होतं. औषधी दुकानातून मूळ आणायचं, दळायचं, द्रावकात भिजवायचं, आटवायचं आणि राहिलेला काळा चिकटा पांढऱ्या भुकटीने भरलेल्या लांब काचेच्या नळीतून थेंबथेंब छोट्या नळ्यांत उतरवायचा, म्हणजे त्यातली संयुगं एकमेकांपासून सुटी होतात. मग यंत्रं त्यांची रचना सांगतात. मग संगणकाला विचारायचं, बाबा रे, हे आधी कोणाला सापडलंय का? आणि संगणक न चुकता सांगे, हो, सापडलंय. कधी शांघायच्या कोणाला, कधी जपानातल्या एखाद्या गृहस्थाला, तेही प्रबोधची मुंज व्हायच्या आधी. एक बीटा-सिटोस्टेरॉल नावाचा पदार्थ मात्र प्रत्येक वनस्पतीत हजर असे. तो गवतातही असतो आणि शेंगदाण्यातही असतो. घरोघरी मातीच्या चुली असतात, तसा.

प्रबोधचे साहेब म्हणजे प्राध्यापक क्वेक. त्यांच्या आजोबांचं एके काळी औषधांचं दुकान होतं. लाकडी खणांचं, प्रत्येक खणावर चिनी अक्षरं लिहिलेलं. दुकान गेलं, पण आजोबांची शंभर औषधांची यादी नातवाकडे राहिली, आणि त्या शंभरातून एक तरी नवं संयुग काढून आजोबांच्या नावावर करायचं, हा नातवाचा ध्यास होता. ध्यास नातवाचा होता आणि हात प्रबोधचे होते. संशोधनात अशीच वाटणी असते.

फेब्रुवारीत प्राध्यापकांनी प्रबोधला खोलीत बोलावलं, चहा दिला आणि म्हणाले, "प्रबोध, युअर कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरला संपतं. नो न्यू कंपाउंड, हाऊ टु रिन्यू?"

वाक्य लहान होतं, पण त्यात तीन माणसं मावत होती. कॉन्ट्रॅक्ट गेलं की प्रबोधचा सिंगापुरात राहायचा पास जाणार होता, आणि त्याच्या पासाला बायकोचा आणि मुलीचा पास बांधलेला होता. मुलगी जाई प्रायमरी थ्रीमध्ये, म्हणजे तिसरीत होती आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला 'डोन्ट वॉन्ट लाह' असं उत्तर देण्याइतकी रुळली होती. बायको विनीता पुण्याच्या एका कॉलेजात सहा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होती. नवऱ्याला सिंगापूर मिळालं म्हणून ती नोकरी सोडून आली, आणि इथे तिला एक कार्ड मिळालं, ज्यावर 'डिपेंडंट' असं छापलेलं होतं. चारचौघांत ओळख करून देताना प्रबोध म्हणे, "ही विनीता. सध्या घरीच असते." तिचा एम.एस्सी.चा प्रबंध कशावर होता, हे त्याला नीट आठवत नव्हतं. झाडांच्या सालीवर काहीतरी उगवतं, त्यावर.

तर मार्चमध्ये सत्तेचाळीस नंबरचं मूळ आलं. त्याचं खरं चिनी नाव प्रबोधला कधीच धड उच्चारता आलं नाही, म्हणून आपणही नंबरावरच भागवू. हे मूळ स्मरणशक्तीला चांगलं, असं दुकानदार म्हणाला होता. दोन किलो मूळ टेबलावर पडलं आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेचं दळणयंत्र जळालं. नवं यंत्र घ्यायला तीन दुकानांची दरपत्रकं लागत, त्यांवर दोन समित्यांच्या सह्या लागत, आणि यंत्र यायला सहा आठवडे लागत. सप्टेंबर काही कोणाच्या सहीसाठी थांबत नाही.

तेव्हा प्रबोधला आपल्या घरच्या मिक्सरची आठवण झाली. साडेसातशे वॉटचा, पुण्याहून कपड्यांत गुंडाळून आणलेला. हळकुंड आणि सुंठ एका दमात फोडणारं यंत्र ज्याच्या ओट्यावर आहे, त्याने समित्यांपुढे का हात पसरावेत? नियम काय म्हणतो हे त्याने नियमाला विचारलं नाही. दोन किलो मूळ पिशवीत घालून तो एमआरटीच्या गाडीने बेडोकला घरी निघाला. वाटेत शेजारच्या बाई वासाने दोन आसनं पलीकडे सरकल्या.

घरी विनीता नुकती वर्षाचा गोडा मसाला करून बसली होती. फ्लॅटभर धणे, खोबरं, लवंग आणि दगडफुलाचा वास कोंदला होता, आणि जाई नाक धरून म्हणत होती, "सो स्ट्रॉंग लाह, ममा."

"थांब, भांडं धुऊन देते," विनीता म्हणाली.

"नको, नको! पाण्याचा अंश राहिला तर मूळ खराब होईल. मी पुसून घेतो."

"मग निदान मूठभर तांदूळ तरी फिरवून टाक. मसाला पात्याखाली बसतो."

"अगं, एवढं काही नाही. माझं काम आहे हे," प्रबोध म्हणाला, आणि रसायनशास्त्रातली पीएच.डी. मिळवलेल्या त्या माणसाने मसाल्याचं भांडं एका कागदी रुमालाने पुसलं. दोनदा. शिवाय पुसून झाल्यावर ते उजेडात धरून पाहिलं.

पुढचे दोन महिने सत्तेचाळीस नंबरने त्याला जे सुख दिलं, ते आधीच्या सेहेचाळिसांनी मिळून दिलं नव्हतं. हे मूळ काय साधंसुधं होतं! त्यात लवंगेतला पदार्थ निघाला. जिऱ्यातला निघाला. मिऱ्यातला निघाला, दालचिनीतलाही निघाला. प्राध्यापक क्वेक यादी वाचून म्हणाले, "व्हेरी रिच रूट!" आणि प्रबोधनेही मान डोलावली. अर्काची बाटली उघडली की त्याला भूक लागे आणि वरणभाताची आठवण येई, पण त्याने त्याचं कारण घरापासून दूर असणं असं काढलं. चार हजार किलोमीटर दूर राहणारा माणूस हळवा होणारच, असं त्याने स्वतःला समजावलं. नाकाने खरं सांगितलं होतं, पण नाकाला कुठे पदवी असते?

आणि मे महिन्यात, एकशे अठ्ठाविसाव्या नळीत, ते सापडलं. साडेतीन मिलिग्रॅम, पांढऱ्या सुयांसारखे स्फटिक. यंत्रांनी रचना सांगितली आणि संगणकाने पहिल्यांदाच कबूल केलं की हे मला माहीत नाही. गंमत म्हणजे ते डेप्साइड नावाच्या घराण्यातलं होतं, आणि हे घराणं फुलझाडांत, मुळांत सहसा सापडतच नाही. मुळात सापडलं म्हणजे केवढी मोठी गोष्ट! प्राध्यापकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिथल्या तिथे संयुगाचं नाव ठेवलं, क्वेकिन. घरी फोन करून आईला सांगितलं. मग प्रबोधच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "नाऊ कॅन रिन्यू."

प्रबोध त्या दिवशी बेडोकला उतरला तो हवेतच होता. खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमधून त्याने जाईसाठी चिकन राइस घेतला, स्वतःसाठी उसाचा रस घेतला, आणि लग्नाला बारा वर्षं झाल्यावर प्रथमच बायकोला आपलं संशोधन समजावून सांगावं असं त्याच्या मनात आलं.

"तुला समजेल असं सांगतो हं," जेवताना तो म्हणाला. "प्रत्येक झाडात काही खास रसायनं असतात..."

"डेप्साइड म्हणालास का मघाशी फोनवर, घरात शिरताना?" विनीताने वाढता वाढता विचारलं.

"हो. म्हणजे दोन बेंझीनची कडी असतात, आणि..."

"मुळात कसं असेल डेप्साइड? ते दगडफुलात असतं."

प्रबोध हसला. तज्ज्ञ माणूस अडाण्याला हसतो तसं हसला. विनीताने मात्र मसाल्याच्या डब्याशेजारचं पाकीट आणलं, त्यातून दगडफुलाचं एक रुंद पान निवडलं, त्याचा वरचा थर नखाने खरवडला आणि बाथरूममधल्या ब्लीचचा एक थेंब त्यावर सोडला. थेंब पडला तिथे ते लाल झालं.

"हे असं ओळखतात," ती म्हणाली. "महाबळेश्वरची दीडशे झाडं चढले होते मी ह्यासाठी. पाकिटात दोन-तीन जाती मिसळलेल्या असतात, पण कुटुंब हेच." मग तिने पाकीट खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "प्रबोध, तू ते मूळ कुठे दळलं होतंस?"

जाईने त्याच्या आधी उत्तर दिलं. "इन अवर मिक्सर, ममा. यू टोल्ड हिम टु वॉश लाह."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. पण कळसा काखेत आहे हे कळल्यावर मारलेल्या वळशाचं काय करायचं, हे म्हणीत सांगितलेलं नाही. प्रबोधने ताट बाजूला सारलं. जेवण तसंच राहिलं.

"कोणाला कळणारे?" तो म्हणाला.

"मला कळलंय ना."

"विनू, सप्टेंबरला पास संपतोय. जाईची शाळा, हे घर..."

"जाऊ पुण्याला. मला तिथे अजून नोकरी देतील." हे ती सहज म्हणाली, पण म्हणताना हातातली वाटी तिने दोनदा पुसली. तिलाही जायचं नव्हतं. जाईचा इथे जीव रमला होता आणि तिचा मुलीत. "पण खोटं छापून राहायचं नाही. कोणीतरी उद्या ते मूळ आईबापाला उकळून पाजेल, क्वेकिन आहे म्हणून."

दुसऱ्या दिवशी प्रबोधने चिमूटभर दगडफूल डबीतून नेलं, द्रावकात बुडवलं आणि यंत्रात सोडलं. अर्ध्या तासात पडद्यावरच्या आलेखात क्वेकिनचा उंचवटा उभा राहिला, जागचा तसूभर न हलता. मग दुकानातून नव्याने आणलेलं मूळ खलबत्त्यात कुटून सोडलं. तिथे काही नव्हतं. म्हणजे अगदीच काही नाही असं नव्हे, बीटा-सिटोस्टेरॉल होतं.

प्राध्यापकांना सांगायला जाताना त्याला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. नोकरीवर पाणी सोडून सत्य सांगायला निघालेला माणूस असा किती वेळा पाहायला मिळतो? लिफ्टच्या आरशात त्याने तो पाहून घेतला.

त्याने सगळं सांगितलं. मिक्सर, मसाला, कागदी रुमाल. प्राध्यापक क्वेक यांनी आजोबांच्या यादीतल्या सत्तेचाळीस नंबरवर काट मारली. आजोबा त्या क्षणी दुसऱ्यांदा वारले असावेत. मग प्राध्यापकांनी मान वर केली.

"कंपाउंड नवीन आहे?"

"हो, सर. कंपाउंड नवीनच आहे."

"मग प्रॉब्लेम काय? प्लांट बदल." त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "इंडियन स्पाइस. लोक खातात, रोज खातात. औषधापेक्षा बेटर लाह. एक किलो विकत घे, परत काढ, लिही. नाव क्वेकिनच. आईला सांगून झालंय."

सत्याची किंमत मोजायला निघालेल्या प्रबोधला कोणी बिलच दिलं नाही. त्याला इतकं हलकं वाटलं की तो जवळजवळ हसला. तेवढ्यात प्राध्यापकांनी कागद पुढे ओढला.

"एक गोष्ट. वनस्पती कोणी ओळखली, ते जर्नल विचारतं. नाव द्यावं लागतं. हे दगडफूल कोणी ओळखलं?"

या धंद्यात हा रिवाज आहे. मूळ असो, पान असो, साल असो, ती नक्की कुठल्या जातीची हे एका जाणकाराने पाहून सांगायचं, त्याचं नाव निबंधात छापायचं आणि नमुना जपून ठेवायचा. त्या एका ओळीवर बाकी सगळं उभं असतं.

उत्तर दोन शब्दांचं होतं. माझ्या बायकोने. प्रबोधच्या जिभेवर ते आलंही होतं. पण पाठोपाठ त्याला पुढचे प्रश्न दिसले. कंपाउंड मसाल्यातलं, मसाला बायकोचा, मिक्सर घरचा, ओळखलं बायकोने. मग तू काय केलंस, प्रबोध? भांडं पुसलंस? आत्ताच रिन्यू व्हायला निघालेलं कॉन्ट्रॅक्ट त्याला टेबलाच्या कडेवर लटकताना दिसलं.

"मीच, सर," तो म्हणाला.

"यू नो लायकेन्स?" दगडफुलाच्या घराण्याला इंग्रजीत लायकेन म्हणतात.

"आमच्या घरी रोज असतं, सर."

रोज भात खाणारे सगळे शेतीतज्ज्ञ असतात, त्यातलाच हा प्रकार. प्राध्यापकांना तो पटला. त्यांनी कागदावर लिहून घेतलं, ओळख पटवली: पी. चिरमुले.

पुढचं सगळं मग रुळावरून गेलं. भारतीय वस्तीतल्या सेरंगून रोडच्या दुकानातून एक किलो दगडफूल आलं. प्रबोधने त्यातली नीटस, देखणी, सारखी दिसणारी दगडफुलं निवडून घेतली, कारण निवडायचं म्हणजे काय हे त्याला तांदळावरून माहीत होतं. त्यांचा सुरेख फोटो काढला. जात कुठली, हे त्याने मोबाइललाच विचारलं आणि मोबाइलने दाखवलेलं पहिलं नाव निबंधात लिहिलं. या वेळी बेचाळीस मिलिग्रॅम क्वेकिन निघालं. ऑगस्टमध्ये कॉन्ट्रॅक्ट दोन वर्षांसाठी वाढलं. तिघांचे पास आले. विनीताने पुरणपोळ्या केल्या आणि जाईने त्या न कुरकुरता खाल्ल्या.

"सरांनी विचारलं असेल ना, दगडफूल कोणी ओळखलं ते?" पोळीवर तूप सोडताना विनीताने विचारलं.

"तसं काही विचारत नाहीत," प्रबोध म्हणाला. "पण आभारात तुझं नाव घातलंय."

"कशाबद्दल?"

"मदतीबद्दल गं. वाढ अजून एक."

तिने वाढली. खरं सांगायचं तर ती खूश झाली होती. कित्येक वर्षांनी तिचं नाव कुठेतरी शास्त्राच्या कागदावर येणार होतं, आणि हे तिने पुण्याला आईलाही कळवलं.

डिसेंबरमध्ये निबंध छापून आला. प्रबोधने तो सगळ्यांना पाठवला, बायकोला सोडून. ती घरातच असल्यामुळे तिला वेगळा पाठवायचा काय, असं त्याला वाटलं असेल. तिने तो स्वतः शोधून वाचला. चष्मा लावून, जाई शाळेत गेल्यावर, ओट्याशी उभी राहून वाचला. शेवटी आभार होते: 'मसाल्याचं मिश्रण पुरवल्याबद्दल श्रीमती व्ही. चिरमुले यांचे आभार.' तिसऱ्या पानावर ती ओळ होती: 'दगडफुलाची ओळख पहिल्या लेखकाने, म्हणजे पी. चिरमुले यांनी, पटवली.' आणि त्या ओळीच्या वर तो सुरेख फोटो.

त्या दिवशी ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. प्रबोधला वाटलं, तिने वाचलं नसावं. मग त्याला वाटलं, वाचूनही तिला काही वाटलं नसावं. बायको गप्प असली की नवऱ्यांना हवं ते वाटून घेता येतं. तो त्या आठवड्यात ऑफिसच्या जेवणात मसाल्यांतल्या रसायनांवर भाषण देऊन आला. आयत्या बिळावर नागोबाने फणाही काढला, आणि टाळ्याही पडल्या.

आठ दिवसांनी जर्नलच्या संपादकांचं मेल आलं. मोजकं आणि सभ्य. आपल्या लेखातल्या दगडफुलाच्या ओळखीबद्दल एका वाचकाने शंका घेतली आहे. छापलेलं नाव आणि छापलेला फोटो एकाच जातीचे दिसत नाहीत. ओळख कोणी आणि कोणत्या लक्षणांवरून पटवली, याचा खुलासा चौदा दिवसांत करावा आणि जपून ठेवलेला नमुना तपासणीसाठी उपलब्ध करावा. सोबत वाचकाचं पत्र.

प्रबोधने पत्र उघडलं. एका पानाचं होतं, त्यात एकही शब्द वावगा नव्हता. छापलेलं नाव ज्या जातीचं आहे तिची पानं रुंद असतात आणि त्यांच्या कडांना केस नसतात. फोटोतल्या दगडफुलाच्या अरुंद पट्ट्या आहेत आणि कडांना काळे केस स्पष्ट दिसतात. सबब, नवं संयुग चुकीच्या जातीच्या नावावर नोंदवलं गेलं आहे. नक्की जात प्रत्यक्ष नमुना पाहून सांगता येईल. खाली पत्ता होता. ब्लॉक, मजला आणि दार वाचून त्याला आधी वाटलं, संपादकांनी चुकून लेखकाचाच पत्ता डकवला. मग त्याने सही पाहिली. विनीता सबनीस, एम.एस्सी., वनस्पतिशास्त्र. आडनाव लग्नाआधीचं होतं. ते ओळखायला त्याला क्षणभर लागला.

तो भर दुपारी घरी आला. विनीता टेबलाशी बसून जाईच्या वह्यांना कव्हरं घालत होती.

"हे मला घरी सांगता आलं नसतं तुला?" त्याचा आवाज चढला होता.

"घरी सांगितलं होतं. मे महिन्यात, जेवताना."

"अगं, पण जर्नलला लिहायचं? माझं नाव खराब होईल, विनू."

"तुझं नाव बरोबर छापलंय. दगडफुलाचं चुकलंय."

"आणि पास? त्याचा विचार केलास?"

"केला. तो दोन वर्षांसाठी वाढलाय." तिने कव्हराची घडी बोटाने दाबली. "ऑगस्टमध्ये मला काही माहीत नव्हतं. तू म्हणालास, तसं काही विचारत नाहीत. मी मान्य केलं. आईला फोन केला मी, प्रबोध. माझं नाव येतंय म्हणून. तिने शेजारणींना सांगितलं. मसाल्याचं मिश्रण पुरवल्याबद्दल!" तिने कव्हर घातलेली वही बाजूला टाकली. रडली नाही. पुढची वही ओढली.

प्रबोधला लाज वाटली. उशिरा वाटली, पकडला गेल्यावर वाटली, म्हणजे ती काही फार वरच्या दर्जाची लाज नव्हती. पण खरी होती. बसावं की उभं राहावं हे त्याला कळेना. प्राध्यापकांसमोर सत्य सांगितलं म्हणून तो सात महिने स्वतःवर खूश होता. ज्या सत्यात त्याचं काही जात नव्हतं तेवढंच त्याने सांगितलं होतं, हे त्याला आत्ता, या टेबलाशी कळलं.

त्याने बॅगेतून नमुन्याचं पाकीट काढलं. चिठ्ठी लावलेलं, नंबर घातलेलं, नियमाप्रमाणे जपलेलं. ते तिच्यासमोर ठेवलं आणि खुर्ची ओढून बसला.

"कुठली जात आहे ही?" त्याने विचारलं. तिच्या विषयातला प्रश्न तो तिला बारा वर्षांत पहिल्यांदा विचारत होता.

विनीताने पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातल्या वहीचं कव्हर तिने पुरं केलं, कडेवर नीट चिकटपट्टी लावली.

"आधी त्यांना लिही," ती म्हणाली, "की ओळख तू पटवली नव्हतीस. मग सांगते."